चाळीस पानांत माई

माईच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्यांच्या हातात काय ठेवायचं, यावरून सगळं सुरू झालं. काकाचं म्हणणं स्टीलचे डबे, धाकट्या आत्याचं म्हणणं हरिपाठाची पुस्तकं. आईने एवढंच विचारलं, "डब्यावर नाव घालणार का? म्हणजे इथून पुढे चहापूडसुद्धा त्यांच्याच नावाच्या डब्यात." त्यावर कुणी काही बोललं नाही. शेवटी माईच्या आयुष्याची एक लहानशी पुस्तिका काढायची ठरली. घरात मराठी शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे ते काम आपसूक माझ्या गळ्यात आलं.

माई म्हणजे माझी आजी. जानेवारी २०२४ मध्ये गेली. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत इतकी माणसं जमली होती की तिथल्या एका माणसाने काकाला बाजूला घेऊन विचारलं, "कुठल्या पक्षात होत्या आजी?" काका तशाही अवस्थेत हसला. माई कुठल्याही पक्षात नव्हती, मंडळाची अध्यक्ष नव्हती, तिने नोकरीही केलेली नव्हती. तिला फक्त माणसं लागायची. रिक्षात बसली की उतरेपर्यंत रिक्षावाल्याच्या मेहुण्याचं लग्न कुठे अडलंय ते तिला कळलेलं असायचं, आणि पुढच्या आठवड्यात एखादं स्थळ घेऊन ती त्याच स्टँडवर हजर.

जिच्याबद्दल अख्खी गल्ली बोलते तिचं चरित्र लिहायला माहिती कमी पडेल असं कुणाला वाटेल? पण पहिल्याच ओळीला गाडी अडली. जन्म कधीचा?

आधार कार्डावर १९३०. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३०. आता १ जून ही तारीख बघितली की जुन्या माणसांना काही सांगावं लागत नाही. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म त्या दिवशी लावून दिलेला आहे. माईला ते माहीत होतंच. "बरंय की, नातवंडांना सुट्टी असते," म्हणायची आणि त्या दिवशी आंब्याचा रस काढायची. पत्रिका असती तर प्रश्न मिटला असता. पण ती वाईजवळच्या तिच्या माहेरच्या घरात होती, आणि गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली सातारा भागात ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली तीत ते घर गेलं. माई त्याला नुसतं "जळीत" म्हणायची. "जळितात गेलं" या दोन शब्दांपलीकडे तिने कधी काही सांगितलं नाही. जाळणाऱ्यांपैकी एकाची सून पुढे तिच्या ओळखीची झाली होती, एवढं मात्र आत्याला ठाऊक आहे. शाळेचा दाखला वाचला, कारण लग्नातल्या ट्रंकेतून तो पुण्याला आला होता. त्यावर व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, पास असा शेरा आहे, आणि त्याचा तिला फार अभिमान.

कोडं सोडवलं कालनिर्णयने. हे कॅलेंडर १९७३ पासून निघतं. माईने पहिली एक-दोन वर्षं सोडली तर जवळजवळ सगळी जपली होती. जपली म्हणजे फडताळात खाली अंथरली, पुस्तकांना घातली, पिठाच्या डब्याखाली घडी करून सारली. ती मी एकेक सोडवून काढली. प्रत्येक चौकोनात तिचं बारीक अक्षर. "दू. १ जादा". "गॅस लावला". "नारळवाल्याची मुलगी बाळंत, मुलगी". "वरच्या वहिनींचा मोतिबिंदू". "मावशींना पडसं, काढा". कुणाची परीक्षा कधी, कुणाचा मुलगा मुलाखतीला कधी जाणार, कुणाच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. पानं उलटताना तास कसे जायचे कळायचं नाही. आणि इतक्या वर्षांच्या इतक्या चौकोनांत तिच्या स्वतःबद्दल एक अक्षर नाही. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यातसुद्धा नोंद आहे ती शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुनेला दिवस गेल्याची.

अपवाद एकच सापडला. ऑगस्ट १९८५, संकष्टीच्या चौकोनात कोपऱ्यात लिहिलंय: "माझी तिथी".

त्या वर्षी श्रावण अधिक होता. आत्याला एकदम आठवलं, "अगं, ती म्हणायची की, मी अधिकातली. मला वाटायचं थट्टा करतेय." अधिक श्रावण काही दर वर्षी येत नाही. कधी आठ वर्षांनी, कधी अकरा, कधी तब्बल एकोणीस. जुनी पंचांगं ठेवणाऱ्या एका गुरुजींकडे गेले. त्यांनी वही काढून बोट फिरवलं: आमच्या हिशेबात बसतील असे अधिक श्रावण दोनच, १९२८ आणि १९३९. लग्न १९४६ च्या वैशाखातलं, लग्नपत्रिका घरात आहे. सातव्या वर्षी तर तिचं लग्न झालं नसणार. म्हणजे १९२८, ऑगस्टचा पहिला आठवडा.

हे सापडल्यावर काकाला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. आजोबा मिलिटरी अकाउंट्समध्ये होते, त्यांच्यामागे माईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. केंद्र सरकारच्या नियमाने ८० पूर्ण झाल्यावर त्यात २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०. कागदोपत्री माई दोन वर्षांनी लहान, म्हणजे प्रत्येक वाढ दोन वर्षं उशिरा, आणि ५० टक्क्यांची तर मिळालीच नाही. काकाने कागदावर मांडून आकडा काढला. आईने तो कागद घडी करून त्याच्याच खिशात घातला.

२०२३ च्या अधिक श्रावणात माई पंच्याण्णव वर्षांची झाली होती आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. तिला असणार. त्या महिन्यात खाटेवर बसून तिने माझ्या आईकडून तेहेतीस अनारसे करवून घेतले, जावयाला वाण म्हणून. अनारसे जाळीदार होईनात तेव्हा पीठ कसं भिजलंय ते लांबून वासावरून सांगितलं. "माझी तिथी" तेवढी सांगितली नाही.

पुढचं मोठं प्रकरण पानशेत. १२ जुलै १९६१ शिवाय आमच्या घरातली कुठलीच गोष्ट सुरू होत नाही. पानशेतचं मातीचं धरण बांधून पुरतं व्हायच्या आत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत नदीच्या अंगाला, वाड्यात, भाड्याने. माई काय घेऊन बाहेर पडली याबद्दल घरात तीन मतं आहेत. काका म्हणतो शिलाई मशीन. मोठी आत्या म्हणते देवांचा डबा. लहानपणापासून मी ऐकलेली तिसरी आवृत्ती लोणच्याच्या बरणीची, आणि ती सांगताना सगळे हसतात म्हणून तीच मला आवडायची.

मशीनचा निकाल ट्रंकेतल्या पावतीने लावला. उषा मशीन १९६४ चं आहे. काकाला पावती दाखवली. तो म्हणाला, "हे दुसरं असेल." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तेव्हा सहा वर्षांचा होता तो, आणि जे त्याला दिसतंय ते त्याला दिसतंय.

खरं काय ते वाड्यातल्या एका जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हा ते चौथीत होते, आता कोथरूडला असतात. त्यांनी सांगितलं की माईच्या एका हातात माझे बाबा होते, तीन वर्षांचे, आणि दुसऱ्या हातात मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या काकूंचं मनगट. त्या काकू सारख्या पेटीसाठी मागे वळत होत्या आणि माई त्यांना रस्ताभर रागवत होती. "सामान? सामान कसलं. हात कुठे मोकळा होता त्यांचा," ते म्हणाले. संध्याकाळी वाड्यातली सगळी बिऱ्हाडं सदाशिव पेठेत माईच्या एका मावस नणंदेकडे जाऊन धडकली. त्या नणंदेला माई तोवर फक्त लग्नाकार्यांत भेटलेली. ती माणसं तिथे किती दिवस राहिली याचे आकडे सांगणाऱ्यागणिक वाढत जातात. पण खडकवासला फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं आणि पेठांतल्या जुन्या हौदांवर, आडांवर रांगा लागल्या होत्या, हे सगळेच सांगतात. कात्रजहून पेशव्यांनी आणलेलं पाणी पुण्याच्या तेव्हा पुन्हा कामी आलं.

हौदावरची ही रांग मला पुढे भलत्याच ठिकाणी सापडली: माईच्या फोनच्या डायरीत.

ती डायरी हा या सगळ्या उद्योगातला खरा खजिना. माणसं आडनावाने लावलेलीच नाहीत. "हौदाच्या वहिनी". "एस.टी.तल्या, वाई". "मिलोवाल्या", म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे लाल ज्वारी, घेताना रांगेत भेटलेल्या. "भूकंप, खालच्या मजल्यावरच्या". कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, पुण्यातही सगळे घराबाहेर पळाले, आणि माईने त्या अंधारात रस्त्यावर उभं राहून ओळख करून घेतली ती पन्नास वर्षं टिकवली. जी माणसं गेली त्यांची नावं खोडलेली नाहीत. नावाआधी बारीक "कै." आणि खाली वेगळ्या शाईत मुलाचा किंवा सुनेचा नंबर.

मी ते नंबर लावत बसले. निम्मे बंद. लागलेल्यांशी बोलताना सुरुवातीला मी विचारायची, "माईची एखादी आठवण सांगा ना." त्यावर एकच उत्तर: प्रेमळ, मनमिळाऊ, सगळ्यांना धरून असणाऱ्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर नुसते जोडलेले हात आणि भावपूर्ण श्रद्धांजली. ते घेऊन एक पानही भरलं नसतं. मग मी प्रश्न बदलला. "तुम्ही आमच्याकडे यायचात तेव्हा बसायचात कुठे?" हे विचारलं की माणूस क्षणभर थांबायचा आणि मग धो धो बोलायचा. पुरानंतर आम्ही गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलो. दोन खोल्या, मागे टेकडी, रात्री कोल्हे ओरडायचे. तिथल्या ओट्यावर कोण कुठे बसायचं याचा आता माझ्याकडे जवळपास नकाशा आहे. तुळशीजवळची जागा पोस्टमनची. पायरी भाजीवाल्या बाईंची, टोपलीसकट. दाराला टेकून बसायच्या त्या मंगळागौरीच्या गटातल्या, तिथून उठून थेट फुगडीलाच. बोहारणीसाठी माई आतून पाट आणायची, आणि त्यावरून वसाहतीत काही दिवस कुजबुज झाली होती. माईने ती ऐकली आणि पुढच्या खेपेला पाटाबरोबर पाण्याचा तांब्याही आणला.

फोनवर बोलताना दर वेळी एक गंमत व्हायची. सगळे माईबद्दल म्हणून सुरू करायचे आणि दोन वाक्यांत स्वतःबद्दल बोलायला लागायचे. माझं पित्त, माझ्या भावाची वाटणी, माझी बदली. "माईंना सगळं माहीत होतं हो." मी वहीत लिहून घ्यायची आणि नंतर बघायची तर पानभर मजकुरात माईचं वाक्य एखादंच. आधी वैताग यायचा. मग लक्षात आलं की कॅलेंडरवरही हेच आहे. तिने बोलणाऱ्याला कधी आपल्याबद्दल विचारूच दिलं नव्हतं. तिच्याकडे काय आहे, काय दुखतंय, जळितात काय काय गेलं, हे विचारायची संधीच कुणाला मिळाली नाही. पंच्याण्णव वर्षं बोलक्या राहिलेल्या बाईचं स्वतःबद्दलचं बोलणं मला सगळ्यांकडून मिळून दोन पानं मिळालं.

तिच्या माणसं जोडण्यामागे मेहनतही होती. देण्याघेण्याची वही बघितली की कळतं. कुणाच्या लग्नात आपण काय दिलं, आपल्याकडे काय आलं. सुरुवातीला सव्वा रुपया आणि नारळ, मग पाच रुपये आणि खण, मग स्टीलची वाटी, पातेलं, पुढे अकरा, एकावन्न, एकशे एक. ज्यांची परिस्थिती बेताची त्यांच्या नावापुढे एक टिंब. त्या घरातून आलेल्या आहेरापेक्षा जास्त परत जायचं, पण थोडंच जास्त, त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये इतकंच. टिंबाचा हा अर्थ मोठ्या आत्याने सांगितला. तिलाही तो माईने सांगितला नव्हता, हिशेब बघून तिने ओळखला होता.

सगळ्यात शेवटी राहिली माझी आई. ती निवडत होती कोथिंबीर. म्हणाली, "सगळ्या पुण्याला विचारून झालं, आता सुनेचा नंबर."

मग ती बोलली. आवाज न चढवता. "माई मोठ्याच होत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी जे केलं ते आईनेही केलं नसतं. पण चार वाजता कडी वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. ओट्यावर त्या, बोलणार त्या, आणि आधण ठेवणार मी. शाळेतून येऊन साडीसुद्धा बदललेली नसायची. साखर महिन्याला किती लागायची लिहिलंय का त्यांनी कुठे? कप विसळून विसळून हिवाळ्यात बोटं फुटायची. कुणी जाताना म्हणायचं, माई, तुमच्या हातचा चहा म्हणजे! त्या म्हणायच्या, सुनेने केलाय. पण ते ऐकायला माणूस थांबायचा नाही, चपला घालून निघालेला असायचा." कोथिंबिरीच्या काड्या बाजूला सारत तिने विचारलं, "हे घालशील का?"

घालणारच होते. पण काका अडून बसला. आईच्या वर्षश्राद्धाला असलं काय छापायचं? दोन आत्या त्याच्या बाजूने, बाबा नेहमीप्रमाणे गप्प. मोठ्या आत्याच्या सुनेने, जी या सगळ्यात कधी तोंड उघडत नाही, एकच वाक्य टाकलं: "मामींचं पान नसेल तर मला पुस्तिका नको." मग ते पान राहिलं. त्याला "चहा" एवढंच शीर्षक आहे. माझ्या मते त्या चाळीस पानांत सगळ्यात खरी माई तिथे आहे, कारण तिथे ती एकटी नाही, तिला उभं करणारे हातही दिसतात.

फोटोचं मात्र कठीण गेलं. माई एकाही फोटोत धड नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत तिची मान शेजारणीकडे. वाढदिवसाच्या फोटोत वाढताना, पाठमोरी. बारशाच्या फोटोत तोंड हललेलं. कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा फोटो एकच, बँकेत हयातीच्या दाखल्याच्या वेळी काढलेला, आणि त्यात ती चक्क रागावलेली दिसते. काकाला तोच हवा होता, चेहरा स्पष्ट आहे म्हणून. मी मुखपृष्ठावर ओट्यावरचा घेतला. चेहरा अर्धवट, उजवा हात हवेत अस्पष्ट झालेला, समोरचं माणूस चौकटीच्या बाहेर. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "मॅडम, हात ब्लर आलाय, दुसरा नाही का?" त्याला सांगितलं, हाच.

शंभर प्रती काढल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या आणि काहीजण रुसून गेले. छापखान्याला पुन्हा फोन करावा लागला. संध्याकाळपासून दुरुस्त्या यायला लागल्या. पोस्टमनची जागा तुळशीजवळ नव्हती, खिडकीखाली होती. भूकंपाच्या पहाटे माईच्या अंगावर शाल होती, चादर नाही. काकाने स्वतःच्या प्रतीत पानशेतच्या पानावर पेनने "शिलाई मशीन" असं लिहून ठेवलंय, वर तारीख घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गोखलेनगरच्या एका आजींचा फोन. वय पंच्याऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. "पान एकतीसवर मेथांबा दिलायस ना, माईंचा म्हणून? तो माईंचा नाही. तो माझ्या सासूबाईंचा, मिरजेचा. चौऱ्याहत्तर साली माझ्याकडून लिहून नेला त्यांनी. आणि गूळ जास्त घालायच्या."

म्हटलं, चुकलं, पुढच्या छपाईत काढून टाकते.

"काढू नकोस गं. सासूबाईंचं नाव घाल. आणि काय गं, तुझ्या मुलाचं दहावीचं वर्ष ना हे? गणिताला कोण आहे त्याला?"